गावाची नोंद: कोणाला विचारले, कोण राहिले?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीपूर्वी इयत्ता नववीच्या वर्गाला मी एक लहानसे काम दिले होते. आपल्या शाळेतील पुष्कळ मुलांची मूळ गावे खानदेशात आहेत. कोणाचे नंदुरबारकडे, कोणाचे अमळनेर-पारोळ्याकडे, तर कोणाचे शिरपूर-शिंदखेड्याकडे. वडील येथे सुरतेस लूमवर किंवा रंगाईच्या कारखान्यात कामाला असले, तरी गावी दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आणि एखादे घर असतेच. सुटीत गावी जाल तेव्हा घरच्या शेताचा सातबारा उतारा पाहावा आणि त्यावर काय लिहिले आहे ते वहीत उतरवून आणावे, एवढेच ते काम होते. इतिहासाच्या तासाला सातबाऱ्याचे काय प्रयोजन, असे काही मुलांच्या मनात आले असावे. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

सुटी संपल्यावर वह्या आल्या. कोणी गट क्रमांक आणले, कोणी क्षेत्र आणि आकार उतरवून आणला, कोणी सोसायटीच्या कर्जाचा बोजाही प्रामाणिकपणे नोंदविला. एक मुलगा मात्र वही न देता उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव आहे. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. शेत आजी करते. तिचं नाव कुठे शोधायचं?"

प्रश्न साधा होता. परंतु त्या प्रश्नात इतिहासाच्या अभ्यासाची एक मोठी किल्ली आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे, आणि म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

जमिनीची पाहणी करून ती वहीत लिहून ठेवण्याचा उद्योग फार जुना. त्याचे जगात सर्वाधिक गाजलेले उदाहरण इंग्लंडातील आहे. नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंड जिंकले. पुढे १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे दरबार भरला असता, जिंकलेल्या राज्यात कोणाकडे किती जमीन आहे आणि तिजपासून किती उत्पन्न निघते हे एकदा पक्के करून घ्यावे, असे त्याने ठरविले. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १०८६ मध्ये, त्याचे अधिकारी गावोगावची माहिती गोळा करू लागले. तेरा हजारांहून अधिक गावांची व वस्त्यांची नावे त्या पाहणीत आली. एक बैल, एक गाय, एक डुक्करही या राजाने लिहिल्यावाचून सोडले नाही, अशी तक्रार त्या काळच्या एका बखरकाराने करून ठेवली आहे. लोकांनी त्या वहीला पुढे 'डूम्सडे बुक' म्हणजे न्यायदिनाची वही असे नाव दिले. अखेरच्या न्यायदिवशी दिलेल्या निवाड्यावर जसे अपील नाही, तसेच या वहीतील नोंदीवरही नाही, असा त्या नावाचा अर्थ. ती वही लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आजही जतन केलेली आहे.

प्रत्येक गावी कोणते प्रश्न विचारावयाचे, याची यादी ईली येथील मठाच्या जमिनींसंबंधीच्या कागदांत सापडते. गावाचे नाव काय? पूर्वीच्या एडवर्ड राजाच्या वेळी ते कोणाकडे होते, आता कोणाकडे आहे? नांगर किती? कुळे किती, झोपडीवाले किती, गुलाम किती, मोकळे लोक किती? रान, गवताळ कुरण, पाणचक्की, मासळीची तळी किती? तेव्हा त्याची किंमत काय होती आणि आज काय आहे? आणि अखेर, याहून अधिक काही वसूल होण्याजोगे आहे काय? शेवटचा प्रश्न वाचला म्हणजे राजाच्या मनातील हेतू झाकून राहत नाही.

तथापि या पाहणीतील एक गोष्ट मला नेहमी विशेष वाटते. ही उत्तरे अधिकाऱ्याने आपल्या मनाने लिहावयाची नव्हती. गावचा धर्मगुरू, गावचा कारभारी आणि गावातील सहा कुळे यांनी शपथेवर सांगावयाची होती. म्हणजे राजा परका, भाषा परकी, लिहिणारा लॅटिनमध्ये लिहिणार. पण निदान विचारावयाचे ते गावातल्या माणसाला, एवढी मर्यादा त्या जेत्यानेही मानली होती.

आता तिची दुसरी बाजू पाहा. जमीनधारकांची नावे वहीत आहेत; जमीन कसणाऱ्यांची बहुधा नाहीत. त्यांची केवळ संख्या आहे. 'इतकी कुळे, इतके गुलाम' की झाले. वहीत मोजलेल्या माणसांत सुमारे दहांतील एक गुलाम होता. त्यांपैकी कोणाची आई कोण, कोणाला किती मुले, याचा पत्ता नाही. याहून विलक्षण प्रकार यॉर्कशायर परगण्याच्या पानांवर आहे. तेथे गावामागून गाव येते आणि पुढे एकच शब्द येतो: 'उजाड'. हे गाव उजाड कोणी केले, हे मात्र वही सांगत नाही. सांगणार तरी कशी? १०६९-७० च्या हिवाळ्यात उत्तरेकडील बंड मोडण्यासाठी गावे जाळणारा, धान्य आणि गुरे नष्ट करणारा हा विल्यमच होता, आणि आता त्याच गावांची घटलेली किंमत लिहून घेणाराही तोच.

याच यॉर्कशायरात आज व्हॅरम पर्सी या नावाने ओळखले जाणारे एक ओसाड खेडे आहे. डूम्सडेच्या वहीत व्हॅरमची नोंद आहे. पुढे मेंढ्यांची लोकर धान्याहून अधिक फायद्याची ठरली तेव्हा, इ. स. १५०० च्या सुमारास, तेथील उरलीसुरली घरे उठली आणि गाव कायमचे रिकामे झाले. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट या दोन अभ्यासकांनी १९५० पासून १९९० पर्यंत प्रत्येक उन्हाळ्यात तेथे उत्खनन केले. चर्चच्या आवारात सुमारे सातशे माणसांचे सांगाडे मिळाले. त्यांवरून त्या लोकांचे आजार, उंची, बालमृत्यू यांचा अभ्यास झाला. राजाच्या वहीने जे सांगितले नाही ते मातीने सांगितले, पण त्यासाठी चाळीस उन्हाळे मातीत घालवावे लागले.

हे सारे परदेशाचे झाले. आपल्या सुरतेच्या आसपासही अशा वह्या काही कमी झाल्या नाहीत. अकबराने १५७३ साली सुरतेचा किल्ला घेतल्यानंतर राजा तोडरमल्लास गुजरातच्या जमाबंदीसाठी पाठविले होते, आणि अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त सुरत सरकारातील ३१ महाल मांडलेले आहेत. चिखली, गणदेवी, कामरेज, नवसारी ही आपल्या नित्य परिचयाची नावे त्यांत दिसतात. पण त्या मांडणीत महाल आहेत आणि रक्कम आहे. माणूस शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. म्हणून तिच्यापाशी अधिक न रेंगाळता मी थेट बारडोलीकडे येतो.

बारडोलीचा सत्याग्रह आपण पाठ्यपुस्तकात शिकतो, परंतु तो मुळात एका पाहणीवरील भांडण होता, हे आपल्या ध्यानात राहत नाही. बारडोली तालुक्यात तेव्हा १३७ गावे आणि सुमारे ८७ हजार लोक होते. १८९६ साली ठरलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपत आली, तेव्हा फेरआकारणीच्या कामी जयकर नावाच्या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्यांनी अहवालात सारा सुमारे ३० टक्क्यांनी वाढविण्याची शिफारस केली. तालुका सुखी झाला आहे याची त्यांनी दिलेली कारणे वाचण्यासारखी आहेत. ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली, पक्की घरे झाली, दुभती जनावरे वाढली, पिकांचे भाव चढले. इतकेच नव्हे तर शेतमजुरीचे दर दुप्पट झाले, हेही समृद्धीचे एक लक्षण म्हणून मांडले गेले. मजुरी वाढली की शेतकऱ्याचा खर्च वाढतो; तोच खर्च त्याच्या श्रीमंतीच्या खात्यात जमा झाला!

(ही ताप्ती व्हॅली रेल्वे म्हणजे दुसरी कोणती नव्हे. सुटी लागली की सुरत स्टेशनावर बोचकी आणि पिशव्या घेऊन आपण ज्या मार्गाची गाडी धरतो, ज्यावर बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार ही स्टेशने लागतात, तोच हा मार्ग. आपल्या आजोबा-पणजोबांना सुरतेच्या गिरण्यांपर्यंत याच रुळांनी आणले.)

जयकरांच्या वरिष्ठांनी, म्हणजे अँडरसनसाहेबांनी, त्यांची पुष्कळशी कारणे बाजूला सारली आणि जमिनीचा खंड हाच मुख्य आधार धरला. त्यांची शिफारस २९ टक्के वाढीची. अखेर १९२७ मध्ये मुंबई सरकारने २२ टक्के वाढ कायम केली. आता खंडाचा आधार वरवर पाहता योग्यच वाटतो. जमीन जितक्या खंडाने जाते तितकी तिची किंमत, हे कोणालाही पटावे. परंतु बारडोलीत खंडाने दिलेली जमीन थोडी आणि घरची माणसे कसत ती जमीन पुष्कळ. शिवाय खंड म्हणून कागदावर दिसणाऱ्या रकमेत पुष्कळदा गहाणाच्या कर्जाचे व्याज मिसळलेले असे. महायुद्धानंतरच्या चढत्या भावांची वर्षेही त्यातच धरलेली. हे कळावयाचे तर एकेका व्यवहाराची गावात बसून चौकशी करावयास हवी होती. ती झाली नाही, हीच शेतकऱ्यांची मुख्य तक्रार होती. वल्लभभाई पटेलांनी सरकारपाशी मागणी केली ती सारा माफ करण्याची नव्हे, तर निःपक्षपाती चौकशीची. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. जप्त्या झाल्या, म्हशी ओढून नेल्या, जमिनी खालसा झाल्या. तरी लोक ढळले नाहीत. ऑगस्टमध्ये सरकारने चौकशी मान्य केली.

ती चौकशी ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांकडे सोपविली गेली. ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. तेव्हा त्यांच्याकडून पक्षपाताची भीती असलीच तर ती सरकारला असण्याचे काही कारण नव्हते. हे दोघे प्रत्यक्ष गावांत गेले. शेतकऱ्यांच्या वतीने महादेवभाई देसाई आणि नरहरी परीख आकडे घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. १९२९ साली त्यांचा अहवाल आला. खंडाचे जे आकडे सरकारने वेदवाक्य मानले होते ते विश्वासार्ह नाहीत, असे त्यांनी नमूद केले, आणि २२ टक्क्यांची वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली.

तालुका तोच, माती तीच, भातखाचरे आणि कापसाची शेतेही तीच. एका वहीत २२ आले आणि दुसरीत ६. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी गावात जाऊन विचारले गेले. अकराव्या शतकातील विल्यमने जी मर्यादा पाळली ती विसाव्या शतकातील सुशिक्षित सरकारला सत्याग्रह झाल्यावाचून सुचली नाही, याचे मला आजही नवल वाटते.

येथे लेख संपविला असता तर तो गोड झाला असता. परंतु त्या मुलाचा प्रश्न मला येथे थांबू देत नाही. बारडोलीच्या दुसऱ्या, न्याय्य ठरलेल्या वहीत तरी सगळे आले होते काय?

त्या शेतांत नांगर धरणारा माणूस पुष्कळदा खातेदार नव्हता. तो दुबळा जातीचा हाळी होता. लग्नासाठी धण्याकडून कर्ज घ्यावयाचे आणि त्यापोटी त्याच्या शेतावर राबावयाचे. बायकोने धण्याच्या घरचे शेणपाणी आणि झाडलोट करावयाची. कर्ज फिटावयाचे नाही आणि पुढची पिढीही त्याच दावणीला लागावयाची, अशी ती रीत. सारा वाढला किंवा घटला तरी हाळ्याच्या भाकरीत फरक पडत नव्हता. त्याचे नाव साऱ्याच्या वहीत नव्हते, कारण तो सारा भरत नव्हता. त्याच्या स्थितीकडे कोणाचेच लक्ष नव्हते असे मात्र नाही. जी. सी. मुखत्यार यांनी वलसाडजवळील अटगाम या गावाचा अभ्यास करून १९३० साली इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात या हाळी लोकांचेही वर्णन आहे. गांधीजींच्या अनुयायांनी 'दुबळा' या हिणविणाऱ्या शब्दाऐवजी 'हळपती' हे नाव रूढ केले. नाव बदलले, परंतु वहीतील रकाना रिकामाच राहिला.

रिकाम्या रकान्याची किंमत पुढे कळून आली. १९४८ चा मुंबई कुळकायदा झाला, त्यात १९५६ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. सुरत तेव्हा मुंबई राज्यातच होते. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा मालक होण्यास पात्र ठरला. मोठा न्याय झाला, यात शंका नाही. परंतु हाळी हा कूळ नव्हता. कागदाच्या भाषेत तो नोकर होता. ज्याने पिढ्यान् पिढ्या नांगर धरला त्याला 'कसेल त्याची जमीन' या घोषणेतून जमीन मिळाली नाही. वेठबिगारी कायद्याने बंद होण्यास १९७६ साल उजाडले. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातच्या खेड्यांत राहून ही सारी कहाणी सविस्तर लिहिली आहे.

बारडोलीच्या शेतकऱ्यांचे धैर्य याने तिळमात्र कमी होत नाही. आम्हांला विचारल्याशिवाय आमची नोंद करू नका, हे त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. पण तेच म्हणणे त्यांच्या गोठ्याशेजारी राहणाऱ्या हाळ्यालाही लागू होते, हे फार थोड्यांना सुचले. राजाने वगळले ते आपल्याला चटकन दिसते. आपण वगळले ते दिसावयास फार वेळ लागतो.

आता त्या मुलाकडे वळतो. आजोबांच्या मृत्यूनंतर वारस नोंदीचा अर्ज करावा लागतो, तो मंजूर झाला की फेरफार होतो आणि मग आजीचे नाव सातबाऱ्यावर येते, हे मी त्याला समजावून सांगितले. शहाद्याकडच्या त्या दोन एकरांत आजी एकटी कापूस वेचते, बैल शेजाऱ्याचे भाड्याने आणते, ई-पीक पाहणीसाठी पुतण्याच्या मोबाइलवर फोटो काढवून घेते. पण पीकविम्याचा किंवा नुकसानभरपाईचा प्रश्न आला की कागद आजोबांच्या नावाचा निघतो, आणि तिला हात हलवीत परत यावे लागते. मुलाने हे सारे घरी सांगितले. वडिलांनाही पटले. उन्हाळ्याच्या सुटीत अर्ज भरावयाचे ठरले.

सुटीनंतर तो पुन्हा मला भेटला. अर्ज भरला होता, असे म्हणाला. वारसांच्या यादीत आजी, वडील आणि दोन काका अशी चार नावे लिहिली होती. यादी त्यानेच सुवाच्य अक्षरात लिहिली, कारण घरात त्याचे अक्षर चांगले. लिहून झाल्यावर त्याने वडिलांना विचारले, "आत्यांची नावं?"

त्याला दोन आत्या आहेत. एक धुळ्याला, एक येथेच उधन्याला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारसा दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीची झाली. हे त्याला माझ्याच तासाला कळले होते, तेव्हा त्या घरात उठलेल्या वादळाचा काही दोष माझ्याकडेही येतो. वडील म्हणाले, आत्या कधी काही मागणार नाहीत. काका म्हणाले, नाव लावून मग हक्कसोडपत्र करून घ्यावे लागेल, त्यापेक्षा न लावलेलेच बरे. आजी काहीच बोलली नाही.

"आत्यांना विचारलं का?" मी म्हणालो.

"नाही, सर. विचारायचं कोणी, यावरच भांडण झालं."

तो अर्ज अद्याप दिलेला नाही. चार नावांचा तो कागद पाण्याच्या माठामागच्या फळीवर ठेवला आहे, आणि पाचव्या-सहाव्या नावापुरती जागा त्याने खाली मोकळी सोडली आहे, असे तो मला सांगत होता. राखीपौर्णिमेला उधन्याच्या आत्या घरी येणार आहेत. त्या दिवशी आपणच विचारणार, असे तो म्हणतो.